करासहित किमतीचे पूर्णांकन

करासहित किमतीचे पूर्णांकन म्हणजे ग्राहकाला दिसणाऱ्या एका आकड्यातून मूळ किंमत आणि वस्तू व सेवा कर (जीएसटी) वेगळे काढताना पैशाखालचे अपूर्णांक जवळच्या पैशावर आणण्याची क्रिया. असे भाग पुन्हा जोडले की बेरीज मूळ आकड्याइतकी येईलच असे नाही. फरक बहुधा एक-दोन पैशांचा असतो. ऑनलाइन दुकानात मात्र बिल, बँकेत जमा झालेली रक्कम आणि कराचे विवरणपत्र ही तिन्ही एकमेकांशी ताडून पाहण्याचे काम यंत्रे करतात, आणि यंत्राला ‘जाऊ द्या हो, एका पैशाचं काय’ असे सांगता येत नाही.

पुण्यात लक्ष्मी रोडच्या किंवा रविवार पेठेतल्या गल्ल्यावर हा प्रश्न फारसा जाणवत नव्हता. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. त्याआधीही सुट्ट्यांऐवजी गोळ्या-चॉकलेट हातावर ठेवण्याची रीत होतीच. बिलाच्या तळाशी ‘राउंड ऑफ’ लिहून रुपयाचा आकडा करायचा की व्यवहार मिटला. तेच दुकान ऑनलाइन गेले की रक्कम पैशापर्यंत अचूक वसूल होते, आणि वर्षअखेरीस सीए विचारतो की हे सतरा रुपये आले कुठून.

छापील कमाल किंमत, म्हणजे एमआरपी, कायद्यानेच सर्व करांसहित असते. ऑनलाइन ग्राहकालाही शेवटचा आकडा आधी दिसलेला हवा असतो. त्यामुळे हिशेब उलटा करावा लागतो. दर १८ टक्के असेल तर किमतीला १.१८ ने भागायचे. शंभर रुपयांची मूळ किंमत ८४.७४५७… येते. भागाकार संपत नाही, म्हणून ८४.७५ धरायचे. वस्तू पुण्यातून कोथरूडला, सांगलीला किंवा महाराष्ट्रात कुठेही जाणार असेल तर कराचे दोन समान भाग होतात: ९ टक्के केंद्राचा, ९ टक्के राज्याचा. प्रत्येकी ७.६२७५, म्हणजे ७.६३. आता बेरीज: ८४.७५ अधिक ७.६३ अधिक ७.६३, एकूण १००.०१. हीच वस्तू बेळगावला किंवा पणजीला पाठवली तर एकच १८ टक्क्यांचा एकात्मिक कर लागतो, तो १५.२६ येतो आणि बेरीज पुन्हा १००.०१. इथे मूळ किंमत एका पैशाने उतरवून ८४.७४ केली की राज्यातले बिल बरोबर १०० वर येते. राज्याबाहेर कर १५.२५ होतो आणि बेरीज ९९.९९ पडते. एकाला लागू पडलेली मात्रा दुसऱ्याला चालत नाही.

काही किमतींना तर अशीही मात्रा नाही. २९९ रुपये ही ऑनलाइन दुकानांची लाडकी किंमत घ्या. १८ टक्के दराने, राज्यांतर्गत विक्रीत, मूळ किंमत २५३.३९ धरली तर कर २२.८१ च्या दोन भागांत येतो आणि बेरीज २९९.०१ होते. २५३.३८ धरली तर कर २२.८० अधिक २२.८०, बेरीज २९८.९८. मधली २९९.०० ही रक्कम पैशापर्यंतच्या कोणत्याही मूळ किमतीतून निघतच नाही. कारण साधे आहे: मूळ किंमत एका पैशाने वाढताना कराचे दोन्ही भाग एकाच क्षणी पुढच्या पैशावर उडी मारतात, आणि बेरीज एकदम तीन पैशांनी पुढे जाते. एका भागाला २२.८० आणि दुसऱ्याला २२.८१ देऊन सुटका नाही, कारण दोन्ही समान असावे लागतात. बेळगावच्या ग्राहकाला मात्र हेच २९९ रुपये सरळ मिळतात: २५३.३९ अधिक ४५.६१.

९९९ रुपयांचीही तीच गत आहे: ९९८.९९ नाहीतर ९९९.०२. उलट १९९ आणि ४९९ बिनबोभाट जुळतात. यामागे एक सुबक आवर्तन आहे. १८ टक्क्यांत ५९ रुपये म्हणजे बरोबर ५० रुपये मूळ आणि ९ रुपये कर, त्यामुळे दर ५९ रुपयांनी तोच नमुना पुन्हा येतो आणि त्या ५९ पैकी पूर्ण रुपयांच्या नऊ किमती राज्यांतर्गत बिलात कधीच जुळत नाहीत. २९९ म्हणजे पाच आवर्तने आणि वर ४ रुपये. म्हणून चार रुपयांच्या वस्तूचे जे दुखणे, तेच २९९ चे. किंमत ठरवणाऱ्याला हे माहीत असते तर त्याने २९८ ठेवली असती का? बहुधा नाही.

५ टक्क्यांच्या दरात अडचण विरळ आहे, पण आहे. पाकीटबंद नमकीन २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आले. पाचशे रुपयांचा पुडा पुण्यातच विकला तर मूळ किंमत ४७६.१९ धरून ४९९.९९ च होतात, म्हणून ४७६.२० धरून प्रत्येकी अडीच टक्के ११.९०५ येतात. अर्धा पैसा नेहमी वर नेला तर ११.९१, आणि बेरीज ५००.०२. अर्धा पैसा जवळच्या सम अंकाकडे नेला तर ११.९०, आणि बेरीज नेमकी ५००. एक्सेलचे नेहमीचे पूर्णांकन पहिल्या रीतीने चालते, पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेचे दुसऱ्या. दुकानाचे सॉफ्टवेअर एकाचे आणि ताळा पाहण्याचा तक्ता दुसऱ्याचा असेल तर कोणाचीही चूक नसताना भांडण लागते.

पूर्णांकन कुठे करायचे, हा वेगळा प्रश्न. दहा रुपयांची वस्तू १८ टक्क्यांनी विकताना नगाची मूळ किंमत ८.४७ ठरवून शंभर नग लावले, तर मूळ ८४७, कर ७६.२३ दोनदा, एकूण ९९९.४६. ग्राहकाने दिले हजार. ५४ पैसे हरवले ते नगावर छाटल्यामुळे. बिलातल्या त्या ओळीची, म्हणजे शंभर नगांची, पूर्ण रक्कम घेऊन एकदाच भागले की हे टळते, म्हणून एकेका नगावर पूर्णांकन करू नये.

केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० नुसार कराची रक्कम जवळच्या रुपयात आणतात. ५० पैसे किंवा जास्त असतील तर वर, कमी असतील तर सोडून. बिलावरचा पैशाचा फरक त्यामुळे आपोआप मिटत नाही. त्यासाठी राउंड ऑफची वेगळी ओळ दाखवणे आणि खातेवहीत त्याच नावाचे खाते ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग. २९९ च्या बिलात ही ओळ उणे ०.०१ अशी येते. काही दुकाने तो पैसा मूळ किमतीत लपवतात. तपासणीत दराने गुणले की तो बाहेर पडतो. आणि २९९.०१ वसूल करणे तर नकोच, छापील किंमत २९९ असेल तर ती ओलांडली जाते.

परत आलेल्या मालात हाच गुंता उलट फिरतो. शंभराचे तीन नग एका ओळीत विकले: मूळ २५४.२४, कर २२.८८ दोनदा, बरोबर ३००. ग्राहकाने एकेक करून तिन्ही परत केले आणि प्रत्येक वेळी ८४.७५ व दोनदा ७.६३ उलटवले, तर विकल्यापेक्षा तीन पैसे जास्त परत जातात. म्हणून शेवटच्या नगाची रक्कम वजाबाकीने काढतात: मूळ ८४.७४, कर ७.६२ अधिक ७.६२, एकूण ९९.९८. ग्राहकाच्या खात्यात तिन्ही वेळा शंभरच जातात. राउंड ऑफच्या खात्यात पहिल्या दोन वेळा एकेक पैसा एका बाजूला आणि तिसऱ्या वेळी दोन पैसे दुसऱ्या बाजूला पडतात.