सीताबर्डीच्या लढाईत बायकांनी नेसलं काय होतं?

दोन वर्षांआधी आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी नागपूरच्या सीताबर्डीची १८१७ मधली लढाई मैदानात करून दाखवायची ठरवली. भोसल्यांच्या फौजेतले अरब, ईस्ट इंडिया कंपनीचे लाल डगलेवाले शिपाई, ढाली, तलवारी, सगळ्याची लिस्ट झाली, डगल्याला बटणं किती यावर रात्री एक वाजेपर्यंत भांडणं झाली. आणि पोरींसाठी सूचना एकच, "पोरींनी नऊवारी घालून यायचं." कपड्यांचं काम माझ्याकडे होतं, मी एका दुकानातून बारा नऊवाऱ्या भाड्यानं आणल्या, शिवलेल्या, जांभळ्या-पोपटी, मागे चेन आणि कमरेला वेलक्रो. वर नथ, चंद्रकोर आणि डोक्याला भगवा फेटा. लढाई सुरू झाली, पोरी धावल्या, आणि तिसऱ्या-चौथ्या पावलावर एकीचा वेलक्रो असा चर्रकन सुटला की तोफेपेक्षा त्याचाच आवाज मोठा. सगळे हसले, मी पण हसली. घरी आल्यावर मात्र डोक्यात किडा शिरला, की १८१७ मधली बाई खरंच अशी दिसायची का, आणि नसेल तर हा अवतार आला कुठून.

आधी शब्दच बघा. नऊवारी "घालत" नाहीत हो, नेसतात. घालतात तो ड्रेस. आमच्या पोरांनी सहज "घालून या" म्हटलं कारण त्यांनी शिवलेलीच बघितली आहे, त्यात त्यांची काही चूक नाही. भाड्याच्या दुकानात तर तिचे प्रकार पण ठरले आहेत, ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, लावणी, जशी काय मेनूकार्डवरची नावं. पण हे सगळं अलीकडचं.

हा जो "ऐतिहासिक मराठी बाई" नावाचा लुक आहे नं, त्याचा स्वतःचा इतिहास साधारण सव्वाशे वर्षांचा. राजा रविवर्म्यानं १८९४ ला मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रं घरोघरी गेली. त्यातल्या देव्या आणि पुराणातल्या नायिका पाहिल्या की आपल्याकडच्या उंची, जरीकाठी साड्या आठवतात. मग संगीत नाटकांत बालगंधर्वांनी शालू, नथ, गजरा असा थाट केला की घरंदाज बायका त्यांची कॉपी करायला लागल्या, म्हणजे बाई कशी दिसावी हे एका पुरुषानं ठरवलं, काय म्हणावं आता. त्यानंतर सिनेमे, कॅलेंडरं, सिरियली. आणि १९९९ ला डोंबिवलीत गुढीपाडव्याची स्वागतयात्रा सुरू झाली, तशा यात्रा मग गावोगावी निघाल्या, बुलेटवर बसलेली नथवाली पोरगी पेपरच्या पहिल्या पानावर यायला लागली, फेटा आणि गॉगल तिथून चिकटले. यात वाईट काही नाही, सणाचा पोशाख म्हणून मस्तच आहे. घोळ तेव्हा होते जेव्हा आपण तोच उचलून १८१७ च्या रणांगणात नेतो आणि खाली "अस्सल" असं लिहितो.

मग अस्सल काय? तर लुगडं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर कापड, शिलाई एकही नाही. माझी आजी उमरेडकडची, तिला मी शेवटपर्यंत लुगड्यातच पाहिलं. ती कमरेला कापडाची गाठ मारायची, निऱ्या घालायची, मधला भाग पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचायची, पदर खांद्यावरून घेऊन कमरेला गच्च, झालं. चहा उकळायच्या आत नेसून तयार. पिन नाही, परकर नाही, हुक नाही. आता तारखा लावून बघा. सेफ्टी पिनचं पेटंट १८४९ चं आहे, अमेरिकेतलं. सिंगरची शिलाई मशीन १८५१. वेलक्रोचं पेटंट १९५५. म्हणजे आमच्या बारा पोरींच्या अंगावर सीताबर्डीच्या लढाईच्या वेळी अस्तित्वात असलेली गोष्ट बहुतेक फक्त नथ होती. चोळी पण तेव्हा समोर गाठ मारायची, खणाची नाहीतर साध्या सुताची. हुकाचं ब्लाऊज आणि आतला परकर आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी-शेवटी शिरायला लागले, आणि गोल साडी घराघरांत पोचायला विसावं शतक बरंच उजाडावं लागलं.

रंगाचं तर विचारूच नका. तो चमकता जांभळा. कृत्रिम रंगाची सुरुवातच मुळी जांभळ्यापासून झाली, पर्किन नावाच्या इंग्रज पोरानं १८५६ ला लंडनमध्ये तो चुकून काढला, करायला गेला होता मलेरियाचं औषध, म्हणजे सीताबर्डीच्या लढाईनंतर ३९ वर्षांनी. त्याच्याआधी आपल्याकडे लाल यायचा आलाच्या मुळापासून, आल म्हणजे ते झाड, वऱ्हाड-नागपूरकडे त्याची शेती व्हायची. निळा-काळा निळीतून. कुसुंबी करडईच्या फुलांतून, आणि तो दोन धुण्यांत उतरायचा. म्हणून तेव्हाच्या गरीब बाईचं लुगडं डोळ्यासमोर आणायचं असेल तर विटका लाल किंवा गडद निळा धरा, काठ थोडा उठावाचा, कापड जाडंभरडं. सूत पण हातानं कातलेलं, कारण नागपूरची एम्प्रेस मिल सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला, तोवर इथे कोष्ट्यांच्या मागावरच सगळं. आपल्याच भागातली करवतकाठी बघा, काठावर करवतीसारखे दाते, भंडाऱ्याकडे अजून विणतात. ती सोडून आपण लढाईच्या सीनला पैठणी नेसवतो. पैठणी नेसून कोणी चूल फुंकत असेल का, आणि छावणीतल्या बाईचं निम्मं आयुष्य चुलीपुढेच जायचं.

नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे म्युझियममध्ये गेलं तर तलवारी-भाले बघायला भेटतात. बाईचं रोजचं लुगडं कोण जपून ठेवते? ते विरलं की गोधडीत गेलं, गोधडी विरली की पोतेरं. म्हणूनच पुरुषांच्या बटणांवर रात्रभर भांडता येते आणि बायकांच्या कपड्यांवर एका ओळीत काम भागते.

घोड्यावरच्या बाईचं मात्र एक लय भारी वर्णन सापडते. दौलतराव शिंद्यांची बायको बायजाबाई, ग्वाल्हेर सोडावं लागल्यावर १८३५ ला फतेहगडला छावणी टाकून होती, तिथे फॅनी पार्क्स नावाची इंग्रज बाई तिला भेटायला यायची. इंग्रज बायका तेव्हा घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून बसायच्या, मराठा बायका पुरुषासारख्या टांग टाकून. बायजाबाईकडच्यांना ती इंग्रजी बैठक बघून हसू यायचं. मग पार्क्सबाईनं स्वतः मराठा बायकांच्या पद्धतीचा पोशाख अंगावर चढवला, टांग टाकून घोडा पळवून बघितला आणि लिहून ठेवलं की बायकांची बसायची पद्धत बदलणारी इंग्लंडची एलिझाबेथ राणी मूर्खच होती. कासोट्याचा उपयोग काय ते इथे कळते, पायजम्यासारखे दोन पाय मोकळे. शिवलेल्या नऊवारीत ती टांग टाकून बघा, आधी चेन जाईल.

पण म्हणून प्रत्येक बाई हातात तलवार घेऊन लुगड्यात लढत होती असं पण नाही. ज्या लढल्या त्यांतल्या काहींचे कपडे वेगळेच होते. १८०९ मध्ये शिंद्यांच्या छावणीत थॉमस ब्रॉटन नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्याच्या पत्रांत एका पोरीची गोष्ट आहे, जोरावर सिंग नावानं पुरुष बनून पलटणीत शिरलेली, कारण तिचा भाऊ भोपाळला कर्जापायी कैदेत होता आणि त्याला सोडवायला पैसे पाहिजे होते. तिचा "ऐतिहासिक पोशाख" म्हणजे शिपायाचाच. आणि ११ मार्च १७९५ ची खर्ड्याची लढाई, जिथे आपले नागपूरकर रघुजी भोसले पण होते. तिथे समोर निजामाच्या बाजूनं बायकांची अख्खी पलटण होती, जफर पलटण, इंग्रजी शिपायांच्या धर्तीवर कवायत आणि तसाच गणवेश. नागपूरच्या फौजेसमोर गणवेशातल्या बायका उभ्या होत्या आणि हे आपल्याला शाळेत कोणी सांगितलं नाही. मला तर नाही सांगितलं.

बाहेरच्या देशांत हे युद्धाचे देखावे करायचं वेड जुनं आहे. १८३९ ला स्कॉटलंडमध्ये एग्लिंटनला सरदारी द्वंद्वयुद्धांचा सोहळा केला, पावसानं धुऊन काढला. १९६१ ला अमेरिकेत मनासासच्या लढाईला शंभर वर्षं झाली म्हणून ती परत मैदानात लढली, १९६८ ला इंग्लंडमध्ये पीटर यंग नावाच्या ब्रिगेडियरनं सील्ड नॉट ही संस्था काढली. आणि बायकांच्या कपड्यांचा घोळ तिथे पण सेम टू सेम. अमेरिकन यादवी युद्ध म्हटलं की बाईच्या डोक्यात पहिले तो फुगलेला पिंजऱ्याचा घागरा. पोलादी तारांचा तो पिंजरा १८५६ चा, म्हणजे काळ बरोबर, पण जागा चूक, छावणीतल्या चुलीजवळ तो घालून कोण बसेल, पेट घेईल नं. छावणीत खऱ्या बायका होत्या त्यातल्या कितीतरी धोबिणी, अमेरिकन सैन्यात एका कंपनीमागे, म्हणजे शिपायांच्या एका तुकडीमागे, चारपर्यंत धोबिणी ठेवायची नियमानंच परवानगी होती. त्यांचे साधे छापील सुती झगे आणि ॲप्रन, ते घालायला कोणी पुढे येत नाही, आपल्याकडे विटकं लुगडं नेसायला येत नाही तसंच. तिथे १९८९ ला तर मोठी गंमत झाली, त्याच यादवी युद्धातल्या अँटीटमच्या मैदानावर, जिथे आता सरकारी पार्क आहे, लॉरेन कुक बर्जेस ही बाई लढाईच्या देखाव्यात शिपायाच्या वेशात सामील झाली होती, इतकी बेमालूम की ओळखू आली ती बायकांच्या बाथरूममधून बाहेर पडताना. पार्कवाल्यांनी बाहेर काढलं, म्हणे बाईनं शिपाई होणं अस्सल नाही. ती कोर्टात गेली आणि १९९३ ला जिंकली. आणि मूळ अँटीटमच्या लढाईत पुरुषवेषातल्या बायका खरोखर लढल्या होत्या, म्हणजे अस्सल तीच होती.

आपल्या नागपुरात पण इतिहासातल्या एका बाईला दरवर्षी सजवून मिरवतात, हे लिहिता लिहिता आठवलं. काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतला मोठा पुतळा. तिचा संबंध भोसल्यांच्या बांकाबाईशी लावतात, इंग्रजांना मिळाली म्हणून. तान्ह्या पोळ्याला निघते आणि शेवटी जळते. तिनं काय नेसलं आहे हे आजपर्यंत कोणी तपासलं नसेल.

आता परत सीताबर्डीवर येते. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी गोळीबार सुरू झाला, रात्रभर चालला आणि २७ च्या दुपारपर्यंत संपला. रेसिडेंट म्हणजे कंपनीचा नागपुरातला वकील जेन्किन्स, अप्पासाहेब भोसले, अरब, घोडदळाचा हल्ला, हे सगळ्यांना पाठ आहे. बायकांचा उल्लेख त्या लढाईच्या वर्णनात एकाच ठिकाणी जिवंत येते. टेकडीच्या पायथ्याशी कंपनीच्या मद्रासी शिपायांच्या झोपड्या होत्या, त्यांची बायकापोरं तिथेच राहायची. अरब त्या झोपड्यांत शिरायला लागले तेव्हाचा आक्रोश वर टेकडीवर लढणाऱ्या शिपायांच्या कानावर जात होता आणि त्यांचे हातपाय गळत चालले होते.

म्हणजे या लढाईत नक्की कुठली बाई हजर होती असं विचारलं तर उत्तर हे आहे, मद्रासकडून नवऱ्याच्या पलटणीमागे शेकडो मैल चालत आलेली बाई. तिच्या हातात तलवार नाही, लेकरू आहे. नऊवारी नाही, तिच्या गावची साडी, तिच्या पद्धतीनं नेसलेली, कासोटा असेल नसेल. पायात बहुतेक काही नाही, हातावर गोंदण.

मी हे पोरांना सांगितलं. एक म्हणाला, "ताई, मग पोरींना रोल काय राहिला बे, फक्त ओरडायचं?" त्यावर अर्धा तास वाद झाला, मिटला नाही. त्या टेकडीवरचा किल्ला आता सैन्याच्या ताब्यात आहे, पब्लिकसाठी २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टला उघडते, तर येत्या १ मे ला सगळ्यांनी वर जाऊन त्या झोपड्या कुठल्या बाजूला असतील याचा अंदाज घ्यायचं ठरलं आहे. लुगडी मी उमरेडहून मावशीकडून मागवली आहेत, आजीची दोन त्यात आहेत, आणि पोरींना नेसायला शिकवायला मावशी स्वतः येऊन राहिली.