आरोग्य संशोधनासाठी शासकीय अनुदान (नागपूर)

आजार, उपचार किंवा सार्वजनिक आरोग्यासंबंधीच्या एखाद्या प्रकल्पाला सरकारी संस्थेने स्पर्धात्मक निवडीनंतर ठरावीक मुदतीसाठी दिलेला निधी. नागपुरात त्यासाठी अर्ज करणाऱ्यांत ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, स्थापना १९४७), ‘मेयो’ (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधील एम्स येथील अध्यापक येतात.

प्रमुख निधीदाता भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद, म्हणजेच आयसीएमआर. १९११ मध्ये इंडियन रिसर्च फंड असोसिएशन म्हणून सुरू झालेल्या या संस्थेला आजचे नाव १९४९ मध्ये मिळाले. तिच्या लहान अनुदानाची मर्यादा २ कोटी रुपये, तर मध्यम अनुदान २ ते ८ कोटींचे असते. आरोग्य संशोधन विभाग आणि जैवतंत्रज्ञान विभागही प्रस्ताव मागवतात. एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरची दोन महिन्यांची विद्यार्थी संशोधन योजना १९७९ पासून आहे; प्रस्ताव लिहिण्याचा सराव इथेच होतो, म्हणून ती चुकवू नये.

अर्जाचा जीव संशोधनप्रश्नात असतो, आणि नागपूरकर संशोधकाला तो ओपीडीतच सापडतो. विदर्भात सिकलसेलचे (लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. पण ‘विदर्भातील सिकलसेलचा अभ्यास’ हा प्रश्न नव्हे, तो विषय झाला. ‘एसएस निदान झालेल्या (आईवडील दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक आलेल्या) किती बालकांना वर्षभर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सलग मिळाले, आणि खंड पडला तो कशामुळे?’ असे विचारले की कोणाला तपासायचे, काय मोजायचे आणि किती काळ, हे आपोआप ठरत जाते. नमुनासंख्येचे, म्हणजे अभ्यासात किती जण घ्यायचे याचे, गणित त्यावरच उभे राहते. त्यासाठी संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या बैठकीलाच बोलवावे; अर्ज तयार झाल्यावर नुसती सही घ्यायला गेल्यास तो फारसे काही दुरुस्त करू शकत नाही.

अंदाजपत्रकात मनुष्यबळ, उपकरणे, किट व रसायने, प्रवास असे भाग असतात आणि प्रत्येक खर्चाचे समर्थन द्यावे लागते. गडचिरोलीतील रुग्णांचा पाठपुरावा करायचा, तर गाडीभाडे आणि गोंडी किंवा माडिया बोलणारा क्षेत्रकार्यकर्ता हे प्रकल्पाचे मूळ खर्च आहेत. संमतीपत्र मराठीत छापून काम भागत नाही. जी माणसे रक्त देणार आहेत, त्यांना ते त्यांच्या बोलीत समजले पाहिजे.

माणसांवरील कोणत्याही संशोधनाला संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. २०१९ च्या नव्या औषधे व चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार अशा समित्यांची नोंदणी बंधनकारक आहे. क्लिनिकल ट्रायल, म्हणजे औषधाची किंवा उपचाराची माणसांवरील चाचणी, असेल तर पहिला रुग्ण घेण्याआधी ती भारतीय चिकित्सालयीन चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये नोंदवावी लागते. परदेशी सहकार्य असल्यास आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही परवानगी हवी. नैतिकता समितीच्या बैठकांचे वेळापत्रक अर्जाच्या अंतिम तारखेशी जुळेलच असे नाही, त्यामुळे दोन्ही तारखा आधीच पाहून ठेवाव्यात.

मंजुरीनंतर पैसा हप्त्यांनी संस्थेच्या खात्यात येतो. पुढचा हप्ता मिळण्यासाठी प्रगती अहवाल, खर्चाचे विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरलेल्या कामासाठीच वापरल्याचा दाखला) पाठवावे लागते, ज्यावर मुख्य संशोधकाबरोबर संस्थाप्रमुख व लेखा अधिकाऱ्याची सही असते. हे कागद अडकले की प्रकल्पावर नेमलेल्या तंत्रज्ञांचा पगार थांबतो, आणि मधल्या काळात पाठपुराव्याला न आलेल्या मुलाची माहिती मागाहून भरून काढता येत नाही.