खुर्चीतून टेबलापलीकडे: भाषेच्या आकलनाचे प्रयोग आणि पदवीचे विद्यार्थी

भाषेच्या आकलनावरच्या प्रयोगांत पदवीचा विद्यार्थी आधी बसला तो खुर्चीत, हेडफोन लावून. अमेरिकी विद्यापीठांत मानसशास्त्राच्या पहिल्या वर्षाची मुलं प्रयोगांना सहभागी म्हणून बसतात, ही जुनी पद्धत. टेबलाच्या पलीकडे, प्रयोग रचणाऱ्यांमध्ये, त्याला जागा मिळायला बराच काळ गेला.

१९५७ साली भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांचं वाक्यरचनेवरचं छोटं पुस्तक आलं आणि जॉर्ज मिलर यांच्यासारखे मानसशास्त्रज्ञ विचारू लागले, की व्याकरणाचे हे नियम ऐकणाऱ्याच्या डोक्यात खरंच चालतात का? सुरुवातीला तपासलं जाई ते ऐकून झाल्यावर काय उरतं. जॅकलिन सॅक्स यांनी १९६७ मध्ये दाखवलं, की थोडंसं पुढे ऐकल्यावर वाक्याची शब्दरचना निसटते, अर्थ मात्र टिकतो.

मला सगळ्यांत बोलका वाटतो तो १९७० चा रिचर्ड वॉरन यांचा प्रयोग. ध्वनिमुद्रित वाक्यातल्या एका शब्दातला एक ध्वनी कापून तिथे खोकला घातला होता. २० पैकी १९ जणांना कुठलाच ध्वनी गाळलेला वाटला नाही, आणि विसाव्याने भलताच ध्वनी सांगितला. न ऐकलेलं मनानेच भरून काढलं होतं. त्याच वर्षी थॉमस बीव्हर यांनी ऐकणाऱ्याला चकवणाऱ्या वाक्यांकडे लक्ष वेधलं.

चकवा म्हणजे काय, ते मराठीत असं दिसतं: 'आईने मुलाला मारणाऱ्या माणसाला ओळखलं.' पहिल्या दोन शब्दांवर आपण आई मुलाला काहीतरी करतेय असं धरतो; 'मारणाऱ्या'पाशी ते मोडून पुन्हा जुळवावं लागतं. ही अडखळ स्मरणाच्या चाचणीत सापडत नाही, वाक्य चालू असतानाच पकडावी लागते. १९८२ मध्ये लिन फ्रेझियर आणि कीथ रेनर यांनी ती वाचणाऱ्याच्या डोळ्यांच्या हालचालींत मोजली. त्याआधी, १९८० मध्ये, मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांना दिसलं, की वाक्याशेवटी विसंगत शब्द आला तर साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युतलहरीत ऋण (निगेटिव्ह) बाजूला ठळक झुकाव येतो.

दुसरा धागा पदवीच्या विद्यार्थ्यांनी स्वतः संशोधन करण्याचा, एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातला. पोलरॉइड या कॅमेरा कंपनीचे एडविन लँड यांनी १९५७ मध्ये तिथल्या भाषणात विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून खरं संशोधन करू द्या असं म्हटलं. मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये त्यासाठीचा कार्यक्रम उभा केला. अमेरिकेतल्या पदवी शिक्षणावरच्या १९९८ च्या बॉयर आयोगाने संशोधन विद्यापीठांना हाच मार्ग सुचवला.

भाषेच्या प्रयोगांत या मुलांना करण्यासारखं खरं काम भरपूर असतं. एकाच शब्दाने वेगळी असणारी वाक्यांची जोडी लिहायची. त्या दोन शब्दांची लांबी आणि वापरातलं प्रमाण सारखं ठेवायचं. प्रत्येक सहभागीला जोडीतलं एकच वाक्य मिळेल अशा याद्या करायच्या, आणि हेतू ओळखू येऊ नये म्हणून मध्ये इतर वाक्यं पेरायची. किचकट काम आहे, पण परिकल्पना म्हणजे काय ते मला वाटतं पाठ्यपुस्तकापेक्षा इथेच नीट कळतं.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या आराखड्याने चार वर्षांच्या पदवीत, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के आणि वर गुण मिळवणाऱ्यांना चौथ्या वर्षी संशोधन प्रकल्पाची वाट दिली. त्यासाठी १२ श्रेयांक आहेत. मराठीत असा प्रयोग घेणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजीतल्या याद्या उचलून चालणार नाही. आपलं क्रियापद बहुधा शेवटी येतं. 'माणूस'चा 'माणसाला' होतो. आणि 'स्त्री'सारख्या जोडाक्षराच्या शब्दाची लांबी नेमकी कशात मोजायची, अक्षरांत की उच्चारात, हे त्याला पहिलं वाक्य लिहायच्या आधीच ठरवावं लागेल.