व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याची जागा आराखड्यातच हवी

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रासारख्या अवाढव्य प्रकल्पात बॉयलर, टर्बाइन आणि पाइपांची जागा काटेकोरपणे आखलेली असते. मात्र त्या पाइपांवरचा व्हॉल्व्ह फिरवणारा फिटर कुठे उभा राहणार आणि त्याचा हात तिथवर पोहोचणार का, हा विचार मोठ्या प्रकल्पांत पुष्कळदा उभारणी झाल्यावर सुचतो. तो आराखड्याच्या वेळीच करणारे शास्त्र म्हणजे मानवी घटक अभियांत्रिकी.

28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात दाब कमी करणारा एक व्हॉल्व्ह उघडा अडकला. पॅनेलवरचा दिवा मात्र विझलेला होता, कारण तो दिवा व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती दाखवतच नव्हता. बंद होण्याचा विद्युत आदेश गेला, एवढेच तो सांगत असे. दिवा विझला म्हणजे व्हॉल्व्ह मिटला, असे ऑपरेटरांनी धरले. दोन तासांहून अधिक काळ थंडाव्याचे पाणी निसटत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. पुढे 1994 साली ब्रिटनमधील मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोटापूर्वीच्या शेवटच्या 11 मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे 275 अलार्म आले. अशा प्रसंगी ‘ऑपरेटरची चूक’ असा शेरा मारून मोकळे होणे हा मला सरळसरळ अन्याय वाटतो.

खानदेशात तर उन्हाचाही हिशेब धरावा लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा 45 अंशांवर जातो, तेव्हा उघड्यावरच्या व्हॉल्व्हचे लोखंडी चाक नुसत्या हाताने धरवत नाही. म्हणून चाक आणि शेजारचा पाइप यांच्यात जाड हातमोज्यासकट मूठ फिरेल एवढी मोकळी जागा हवी, शिवाय वर सावली हवी आणि घामाने डबडबलेल्या डोळ्यांनाही वाचता येईल अशी ठळक मराठी पाटी हवी.

यासाठी संगणकावरील त्रिमितीय आराखडा तपासताना अनुभवी ऑपरेटर आणि फिटर यांना अभियंत्यांच्या शेजारी बसवतात. रोज किंवा आणीबाणीत लागणारे व्हॉल्व्ह कंबर ते खांदा या उंचीत आणले जातात. वर्षातून एखाद्या वेळी लागणारे उंचावर ठेवले तरी चालतात. या टप्प्यावर पाइप हलवायला थोडा वेळ पुरतो, पण उभारणीनंतर त्याच बदलासाठी संच बंद ठेवून कापणे आणि वेल्डिंग करणे आले. शिडी लावून वर गेल्यावर दुसरा हात कशाला धरायचा, हा प्रश्न रात्रपाळी केलेला फिटर अशा बैठकीत हमखास विचारतो.