फर्मांना हुलकावणी देणारी संख्या

४,२९,४९,६७,२९७. चार अब्जांच्या वरची ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. ती मूळ संख्या आहे, म्हणजे १ आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही, असं पिएर द फर्मा या फ्रेंच गणितज्ञांना १६४० च्या सुमारास ठामपणे वाटत होतं.

तसं वाटायला कारणही होतं. २ चा घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत न्यायचा आणि दर वेळी उत्तरात १ मिळवायचा. ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ मिळतात. पाचही मूळ! सहावी आपली ही.

ती तपासायची तर जेमतेम ६५,५३६ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून बघावं लागतं. पण त्याही ६,५४२ आहेत. १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ लेओनार्ड ऑयलर यांनी दाखवून दिलं, की हिला ६४१ ने भाग जातो. हिच्या प्रत्येक मूळ अवयवाला ६४ ने भागलं, तर बाकी १ च उरते, हे त्यांनी पुढे सिद्धही केलं. ही चाळणी लावली, की १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१. पाचव्याच प्रयत्नाला संख्या फुटते!

६४१ ने भाग जातो, हे तर भागाकार न करताही दिसतं. मला ही युक्ती फार देखणी वाटते. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७ वा घात. ६४१ ने भागताना ६४० ची बाकी −१ धरता येते. चौथा घात केला, की −१ चा १ होतो. म्हणजे ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. आता ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६ सुद्धा. तेव्हा ६२५ च्या जागी −१६ चालतो, आणि १६ हा २ चा ४ था घात. २८ आणि ४ मिळून ३२. म्हणून २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१. त्यात १ मिळवला, की बाकी शून्य. भागाकार येतो ६७,००,४१७, आणि तो मात्र खरोखरच मूळ आहे.

हिचं बिंग आणखी एका वाटेने फुटतं. ही संख्या ६५,५३६ आणि १ यांच्या वर्गांची बेरीज आहेच, पण ६२,२६४ आणि २०,४४९ यांच्या वर्गांचीही बेरीज तीच येते. मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता आलीच, तर एकाच प्रकारे येते. इथे दोन प्रकार सापडले, म्हणजे अवयव न शोधताच निकाल लागला.

हिच्यातून २ वजा केले, तर ४,२९,४९,६७,२९५ उरतात, आणि हा नेमका त्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार आहे. बाजूंची संख्या विषम असलेली जी सर्वांत मोठी सुसम बहुभुजाकृती फक्त पट्टी आणि कंपास वापरून काढता येते, असं आज माहीत आहे, तिच्या बाजू इतक्याच. फर्मांच्या क्रमात सहावी मूळ संख्या सापडली, तर हा आकडा बदलेल. २ चा घात ३२ पासून दुप्पट करत नेल्यावर मिळणाऱ्या पहिल्या अठ्ठावीसही संख्या संयुक्त ठरल्या आहेत. त्यानंतरच्या संख्येचा निकाल अजून लागलेला नाही.