त्रिकोणातला आकडा काय सांगतो?

बाटलीच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात 1 असेल तर ती एकदाच वापरा, 5 असेल तर पाच वेळा, असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तसं नाही. तो आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो: 1 म्हणजे पेट, 2 एचडीपीई, 4 एलडीपीई, 5 पॉलिप्रॉपिलीन. घरचा प्लास्टिकचा डबा उलटा करून पाहा. वर्षानुवर्षे वापरातल्या डब्यावरही बहुधा 5 दिसेल. वापर मोजायचे असते तर आकडे 7 वर थांबले नसते.

त्रिकोण दिसला म्हणजे वेष्टनाचं रिसायकलिंग होतंच, हाही गैरसमज, आणि तो मला जास्त खटकतो. 7 मध्ये ‘इतर’ सगळं येतं, अनेक थरांची वेष्टनंसुद्धा. ते थर वेगळे करणं अवघड असतं. म्हणून कंपनीने ‘पर्यावरणपूरक’ म्हटलं तरी आकडा बघा आणि तुमचा भंगारवाला ते घेतो का, विचारा.