नडगीवर एका बोटाची जागा

साताऱ्यातून पहाटे पाचला कुठल्याही दिशेनं निघा, रस्त्याच्या कडेनं सैन्य-पोलीस भरतीची पोरं पळताना दिसतातच. घामानं पाठीला चिकटलेला बनियन आणि हातातल्या मोबाईलवर लावलेलं स्टॉपवॉच. त्यांच्यातलंच एखादं पोरगं दुपारी माझ्या फिजिओथेरपीच्या खोलीत टेबलावर पाय सोडून बसलेलं असतं. "कुठं दुखतंय?" विचारलं की काही जण नडगीच्या आतल्या कडेवरून अख्खा तळहात फिरवतात. काही जण मात्र एकच बोट ठेवतात, नेमक्या एका जागी. तिथं मी दाबलं की पाय झटकन मागे जातो. मला काळजी वाटते ती या एका बोटाची.

तळहातभर पसरलेलं दुखणं बहुतेक वेळा हाडावरचं आवरण आणि त्याला धरून असलेले स्नायू ताणल्यामुळं असतं. त्याला शिन स्प्लिंट्स म्हणतात. आठ-पंधरा दिवस पळणं कमी केलं की ते बऱ्याचदा उतरणीला लागतं. एका बोटाखाली मावणारं दुखणं म्हणजे हाडालाच बारीक चीर जाऊ लागली असण्याची शक्यता, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर. कुठं पडला नाही, आपटला नाही, मग हाड मोडेलच कसं, हे घरच्यांना पटत नाही. त्यातून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साधा एक्स-रे अनेकदा स्वच्छ येतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणून पोरगं दुसऱ्या दिवशी पुन्हा रस्त्यावर. एमआरआयमध्ये हे लवकर कळतं, पण तेवढा खर्च करायची तयारी प्रत्येक घरात नसते.

हा आजार सैन्यानंच जगाला दाखवून दिला. १८५५ मध्ये प्रशिया या जुन्या जर्मन राज्याच्या सैन्यातले डॉक्टर ब्राइटहाउप्ट यांनी लांब कूच करून आलेल्या सैनिकांच्या सुजलेल्या, ठणकणाऱ्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं. त्यांना वाटलं, स्नायुबंधांच्या आवरणाला सूज आली आहे. एक्स-रेचा शोध लागला १८९५ मध्ये, आणि दोनच वर्षांत श्टेखोव यांनी दाखवलं की पावलाची लांब हाडं चिरली आहेत. तेव्हापासून 'मार्च फ्रॅक्चर' हे नाव रूढ झालं. आजच्या रंगरुटांत सर्वात जास्त चिरते ती नडगी.

हाड दगडासारखं निर्जीव नाही, ते सतत मोडलं आणि बांधलं जात असतं. ज्या दिशेनं भार येईल त्या दिशेनं हाड स्वतःला घडवतं, हे जर्मन शल्यचिकित्सक यूलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं. पळण्यानं हाड मजबूत होतं ते याच गुणामुळं. पण ते मजबूत कसं होतं, याचा क्रम समजून घ्यायला हवा. जुन्या भिंतीची डागडुजी करताना गवंडी खिळखिळ्या विटा आधी काढतो आणि मग नव्या बसवतो. हाडातही तसंच. भारानं सूक्ष्म तडे गेले की काही पेशी तो भाग आधी पोखरून काढतात. हे काम दोन-तीन आठवड्यांत उरकतं. मागून भरणाऱ्या पेशी येतात, त्यांना तीन-एक महिने लागतात. शिवाय नवं भरलेलं हाड सुरुवातीला मऊ असतं, खनिजं साचून ते कडक व्हायला आणखी काही महिने जातात.

म्हणजे सराव सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास हाड पहिल्या दिवसापेक्षा कमजोर असू शकतं. विटा काढल्यात, नव्या अजून बसायच्या आहेत. आणि नेमका याच सुमारास दम वाढलेला असतो, पोटऱ्या बळकट झालेल्या असतात, सोळाशे मीटरचं टायमिंग खाली आलेलं असतं. पोराला वाटतं, आता खरी लय सापडली. तो अंतर वाढवतो. भरतीची जाहिरात आल्यावर घाईघाईनं सुरू केलेल्या तयारीत हे हमखास होतं.

आकडा डोळ्यांसमोर आणा. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर जमिनीकडून परत येतो. साठ किलोच्या पोराच्या एका पायावर एका वेळी एकशेवीस ते एकशेऐंशी किलो. एका किलोमीटरमध्ये असे प्रत्येक पायाचे पाचशेच्या आसपास ठोके. रोज आठ किलोमीटर म्हटलं की चार हजार. आणि पायाचे स्नायू थकले की धक्का शोषायचं त्यांचं काम हाडावर येतं.

भरती झाली, पोरगं बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात किंवा आणखी कुठल्या केंद्रात गेलं, की यात आणखी भर पडते. बूट, पाठीवर पिठ्ठू, टाच आपटून करायची ड्रिल, वरून रगडा, म्हणजे शिक्षेची कवायत. झोप कमी. उस्तादांचा धाक आणि 'सिक रिपोर्ट' केला, म्हणजे आजारी असल्याचं कळवलं, तर कामचोर म्हणतील ही भीती. मागे टाकलं जाऊन बॅच सुटेल, ही भीती तर सगळ्यात मोठी. म्हणून दुखण्याची गोळी घेऊन पळणं चालू राहतं. गोळीनं दुखणं दबतं, चीर पुढं सरकत राहते. नडगीची चीर वेळीच थांबलात तर साधारण सहा ते आठ आठवड्यांत भरते. पण दुखणं जांघेत असेल तर एक दिवसही पळू नये. मांडीच्या हाडाच्या मानेला गेलेली चीर सरकली की खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि ऑपरेशनशिवाय इलाज उरत नाही. वर्दीचं स्वप्न तिथंच संपू शकतं.

हे टाळता येतं, आणि तसे पुरावे सैन्यांनीच गोळा केले आहेत. इस्रायलमध्ये २९५ रंगरुटांवर चौदा आठवडे बारीक लक्ष ठेवलं, तेव्हा शंभरातल्या ३१ जणांना स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. १९८५ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि तिथल्या डॉक्टरांनी पुढं पंचवीसएक वर्षं या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली, एकूण कूच कमी केली, आणि प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्यांनाच आणखी एक गोष्ट दिसली: भरतीआधी निदान दोन वर्षं बास्केटबॉलसारखे खेळ खेळलेल्या मुलांची हाडं बरीच कमी चिरतात. दिशा बदलत, उड्या मारत धावण्यानं हाड सगळ्या बाजूंनी घडतं. आपल्या खो-खोत दुसरं काय असतं? आठवी-नववीतल्या पोराला मैदानावरून उठवून नुसतं रस्त्यावर पळायला लावणाऱ्या पालकांनी याचा जरूर विचार करावा.

मला सर्वात भिडलेला पुरावा ऑस्ट्रेलियातला आहे. तिथल्या महिला रंगरुटांच्या ओटीपोटाखालच्या हाडांना चिरा जात होत्या. उंच पुरुषांबरोबर एकाच लयीत चालताना त्यांना आपल्या उंचीपेक्षा मोठी ढांग टाकावी लागत होती. कूच करण्याचा वेग ताशी साडेसात किलोमीटरवरून पाचवर आणला, ढांग मोकळी ठेवली, सरावात काही बदल केले. शंभरात अकरा मुलींना होणारी इजा शंभरात एकीच्याही खाली आली. बायकांची हाडं नाजूक, असं म्हणून विषय मिटवला असता तर हे कधीच कळलं नसतं.

खडकवासल्याच्या एनडीएत २०२२ पासून मुली आहेत, पोलीस आणि अग्निवीर भरतीसाठी गावोगावच्या मुली पहाटे उठतात. त्यांच्याशी एक गोष्ट कुणी उघडपणे बोलत नाही. व्यायाम वाढला आणि पोटात तेवढं अन्न गेलं नाही की पाळी लांबते किंवा थांबते. "बरंच झालं, कटकट गेली," असं मी मुलींच्या तोंडून ऐकलं आहे. पण त्या वेळी शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक घसरलेलं असतं, आणि हाड पोखरणाऱ्या पेशींना आवर घालणारं तेच तर असतं. अमेरिकी नौदलाच्या पाच हजारांवर महिला रंगरुटांतल्या निम्म्या जणींना आठ आठवडे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलं, तर त्यांच्यात चिरांचं प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी निघालं. भाकरीबरोबर दूध-दही, नाचणी, तीळ, आणि डॉक्टर म्हणतील तर ड जीवनसत्त्वाची मात्रा, एवढं घरात जमण्यासारखं आहे.

परवा आलेल्या पोरानं बोट ठेवलं ते घोट्याच्या चार बोटं वर. पहिला एक्स-रे स्वच्छ होता, तीन आठवड्यांनी काढलेल्यात हाडाच्या कडेला पांढुरकी रेघ उमटली. भरतीला अडीच महिने आहेत. सध्या तो दम टिकवायला विहिरीत पोहतो, कारण पाण्यात हाडावर भार येत नाही. सातव्या आठवड्यात दाबून दुखलं नाही आणि एका पायावर उडी मारता आली, तर डांबर सोडून शाळेच्या मातीच्या मैदानावर एक मिनिट पळायचं आणि दोन मिनिटं चालायचं, असं आम्ही ठरवलं आहे. त्याच्या आईनं ते कॅलेंडरवर लिहून घेतलं.